मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून: दोन्हीला चालेल असं मार्जिन सीएसएसमध्ये कसं लावायचं

समजा तुमच्याकडे एका शाळेच्या वेबसाईटचं काम आलंय, शाळा मालेगावची किंवा भिवंडीची, मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमं, आणि प्रवेशाची सूचना दोन्ही भाषांत टाकायचीये. मराठीचं पान झालं, छान दिसतंय. त्याच पानात उर्दू मजकूर पेस्ट केला की सगळं विस्कटतं, घंटेचा आयकॉन मजकुराला चिकटतो, यादीला दोन्हीकडून उगाच जागा सुटते, तारखेच्या भलत्याच बाजूला मोकळं पडतं. मग बहुतेक जण काय करतात तर उर्दूसाठी वेगळी सीएसएस फाईल बनवतात आणि तिच्यात प्रत्येक लेफ्टचं राइट, प्रत्येक राइटचं लेफ्ट करत बसतात. पुढे मराठीच्या फाईलमध्ये कुणी काही बदललं की उर्दूचं पान मागे पडतं, आणि ते कळतं कुणाला, तर उर्दू वाचणाऱ्या पालकांना, कारण बनवणाऱ्यांपैकी कुणी ते पान नंतर उघडलेलंच नसतं. मला हे मनापासून खटकतं. आपल्याच राज्यात उर्दू माध्यमाच्या इतक्या शाळा आहेत, बालभारती त्यांची पाठ्यपुस्तकं काढते, मग त्या मुलांच्या घरच्यांना वेबवर कायम अर्धवट पान का मिळावं?

यासाठी दुसरी फाईल लागतच नाही. सीएसएसमध्ये मार्जिनच्या अशा प्रॉपर्टी आहेत ज्या डावं-उजवं बोलतच नाहीत, ओळ जिथून सुरू होते ती बाजू आणि जिथे संपते ती बाजू एवढंच बोलतात, आणि डावं की उजवं ते ब्राउझर स्वतः ठरवतो. यांना लॉजिकल प्रॉपर्टी म्हणतात. खाली सगळं पहिल्यापासून सांगतो, एचटीएमएल-सीएसएसची तोंडओळख असली तरी पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे प्रॉपर्टीची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, तुमच्या फाईलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये, मधे हायफन देऊन टाइप करायची, आकडेही इंग्रजीच, आणि आकडा आणि पीएक्स यांच्या मधे स्पेस द्यायची नाही. एडिटर दोन-तीन अक्षरांनंतर नाव स्वतःच सुचवतो त्यामुळे स्पेलिंगचं टेन्शन नको.

पायरी १: पानाला दिशा सांगा

हे आधी करा, नाहीतर पुढचं काहीच चालणार नाही. उर्दू पानाच्या एचटीएमएल टॅगवर दोन ॲट्रिब्यूट लागतात, लँगची (भाषा) व्हॅल्यू यूआर आणि डिरची (दिशा) व्हॅल्यू आरटीएल, म्हणजे राइट-टू-लेफ्ट, उजवीकडून डावीकडे. मराठी पानाला लँग एमआर, आणि डिर नाही दिलं तरी चालतं कारण डावीकडून उजवीकडे हेच गृहीत असतं.

बऱ्याच जणांना वाटतं की भाषा उर्दू सांगितली म्हणजे दिशा आपोआप उजवीकडून होईल. नाही होत. लँगवरून ब्राउझर फॉन्ट निवडतो, स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) उच्चार ठरवतो, पण दिशा फक्त डिरवरून ठरते, त्यामुळे दोन्ही लिहायचे.

सीएसएसमध्ये डिरेक्शन नावाची प्रॉपर्टीपण आहे आणि तिनेही दिशा बदलते, पण वेबपेजसाठी ती वापरू नका. मजकूर कुठल्या दिशेचा आहे ही मजकुराची माहिती आहे, सजावटीची नाही, ती एचटीएमएलमध्येच हवी. उद्या सीएसएस लोड झालं नाही, किंवा कुणी पान रीडर मोडमध्ये उघडलं, तरी उर्दू बरोबर दिशेने वाचता आलं पाहिजे.

पान मराठीच आहे आणि त्यात एकच भाग उर्दूचा आहे, असं असेल तर त्या भागाच्या डिव्हवर लँग आणि डिर द्या, पूर्ण पानाला हात लावायची गरज नाही. आणि जिथे लोक स्वतः टाइप करणार, म्हणजे फॉर्ममधलं नाव, पत्ता, अभिप्राय, तिथे डिरची व्हॅल्यू ऑटो ठेवा. मग ज्याची दिशा पक्की आहे असं पहिलं अक्षर बघून ब्राउझर ठरवतो, कुणी देवनागरीत नाव टाकलं तर डावीकडून आणि उर्दूत टाकलं तर उजवीकडून.

पायरी २: वर-खाली-डावं-उजवं जरा बाजूला ठेवा

आता मुख्य कल्पना. मजकुराला दोन दिशा असतात. एक, ओळीत शब्द ज्या दिशेने पुढे जातात ती, हिला इनलाइन म्हणतात. दुसरी, एका ओळीनंतर दुसरी ओळ, एका परिच्छेदानंतर दुसरा परिच्छेद ज्या दिशेने येतो ती, हिला ब्लॉक म्हणतात. प्रत्येकीला एक सुरुवात आणि एक शेवट, म्हणजे स्टार्ट आणि एन्ड. झाल्या चार बाजू, आणि मार्जिनच्या चार प्रॉपर्टी:

मार्जिन-इनलाइन-स्टार्ट
मार्जिन-इनलाइन-एन्ड
मार्जिन-ब्लॉक-स्टार्ट
मार्जिन-ब्लॉक-एन्ड

मराठीत इनलाइन-स्टार्ट म्हणजे डावी बाजू, इनलाइन-एन्ड म्हणजे उजवी, ब्लॉक-स्टार्ट वर, ब्लॉक-एन्ड खाली. उर्दू, अरबी, फारसी, हिब्रू यांना वर-खाली तेच राहतं पण इनलाइन-स्टार्ट उजवी बाजू होते आणि एन्ड डावी. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल मंडळींसाठी कुणी मराठी आणि हिब्रू असं द्विभाषी पान करणार असेल तर त्यालाही हाच नियम. जपानी उभी लिहिली की ओळ वरून खाली जाते आणि पुढची ओळ तिच्या डावीकडे येते, म्हणजे इनलाइन-स्टार्ट वर आणि ब्लॉक-स्टार्ट चक्क उजवीकडे. पारंपरिक मंगोलियन लिपीपण उभी, पण तिच्या ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात, म्हणून तिथे ब्लॉक-स्टार्ट डावीकडे.

हे पाठ करायची काहीच गरज नाही. कुठेही मार्जिन देताना स्वतःला एवढंच विचारा, ही जागा मला ओळीच्या सुरुवातीला हवीये का शेवटाला, परिच्छेदाच्या आधी हवीये का नंतर. उत्तर मिळालं की प्रॉपर्टीचं नाव मिळालंच.

पायरी ३: एक सूचनेचं कार्ड करून बघू

कार्डात घंटेचा आयकॉन, त्याच्यापुढे मजकूर, कार्डाच्या सुरुवातीच्या कडेला एक जाड रंगीत पट्टी, आणि दोन कार्डांच्या मधे थोडी जागा. जुन्या पद्धतीने आयकॉनला आपण मार्जिन-राइट दिलं असतं. त्याच्याऐवजी आयकॉनसाठी असं लिहा:

मार्जिन-इनलाइन-एन्ड: १२ पीएक्स;

आयकॉन संपला की पुढे बारा पिक्सेल मोकळे, एवढाच याचा अर्थ. मराठीत आयकॉन डावीकडे येतो म्हणून जागा त्याच्या उजवीकडे पडते, उर्दूत आयकॉन उजवीकडे जातो म्हणून जागा डावीकडे. ओळ एकच.

दोन कार्डांच्या मधल्या जागेसाठी:

मार्जिन-ब्लॉक: ० १६ पीएक्स;

हा शॉर्टकट आहे, पहिला आकडा स्टार्टचा, दुसरा एन्डचा, आणि एकच आकडा दिला तर दोन्हीकडे तोच. मार्जिन-इनलाइनचंही तसंच. अख्खा मजकूर मधे आणायचा असेल तर रुंदीची मर्यादा देऊन मार्जिन-इनलाइन: ऑटो, एवढं पुरतं, आणि पूर्वी मार्जिन: ० ऑटो, लिहून आपण वर-खालचं मार्जिन उगाच शून्य करत होतो तेही टळतं.

पट्टीसाठी बॉर्डर-इनलाइन-स्टार्ट, आतल्या जागेसाठी पॅडिंग-इनलाइन आणि पॅडिंग-ब्लॉक, सगळं त्याच धर्तीवर. मार्जिन बदललं आणि पॅडिंग-बॉर्डर जुनंच ठेवलं तर कार्ड अर्धं वळलेलं दिसतं, म्हणून तिन्ही एका दमात बदला.

आता डिर बदलून बघा, आयकॉन, पट्टी, जागा सगळं आरशात दिसावं तसं उलटलेलं दिसेल.

पायरी ४: जुनी स्टाईलशीट असेल तर

नवीन काम असेल तर ही पायरी सोडून द्या. पण बहुतेकांच्या हातात आधीच लिहिलेली मोठी फाईल असते, आणि तिथे सरसकट फाइंड-रिप्लेस मारायचा मोह होतो. तो टाळा, एकेक बघत जा, वेळ लागतो पण डोकेदुखी वाचते.

एडिटरच्या सर्चमध्ये लेफ्ट टाका, मग राइट. आधी मार्जिन आणि पॅडिंग, मग टेक्स्ट-अलाइन (लेफ्टच्या जागी स्टार्ट, राइटच्या जागी एन्ड, हे खूप जण विसरतात आणि मग उर्दू परिच्छेद डावीकडे चिकटून बसतो), मग बॉर्डर, मग पोझिशनचे लेफ्ट-राइट, ज्यांच्यासाठी इनसेट-इनलाइन-स्टार्ट आणि इनसेट-इनलाइन-एन्ड आहेत.

सर्चमध्ये न सापडणारंही काही असतं. मार्जिनला चार आकडे दिलेले असतात ना, वर, उजवं, खाली, डावं या क्रमाने, तिथे लेफ्ट-राइट हे शब्दच नसतात. अशा ठिकाणी दुसरा आणि चौथा आकडा बघा, सारखे असतील तर सोडून द्या, दिशा बदलली तरी काही फरक पडत नाही. वेगळे असतील तरच ती ओळ मोडून मार्जिन-ब्लॉक आणि मार्जिन-इनलाइन अशा दोन ओळी करा.

याद्यांचं जरा नीट सांगतो, कारण उर्दू पान बिघडतं ते सगळ्यात जास्त इथेच. ठिपक्यांच्या यादीला ब्राउझर स्वतःहून ४० पिक्सेलचं पॅडिंग देतो आणि ते तो आधीपासूनच इनलाइन-स्टार्टला देतो. आता तुमच्या फाईलमध्ये यादीला पॅडिंग-लेफ्ट: २० पीएक्स, लिहिलंय असं धरा. मराठीत इनलाइन-स्टार्ट म्हणजे डावीच बाजू, त्यामुळे तुमचे २० ब्राउझरच्या ४० वर बसतात आणि सगळं ठीक दिसतं. उर्दूत ब्राउझरचे ४० उजवीकडे जातात, तिथे तुम्ही काही बोललाच नाहीत म्हणून ते तसेच राहतात, वर तुमचे २० डावीकडे लागतात, आणि यादी दोन्हीकडून आत दबते. प्रवेशासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी मोबाईलवर अशी दबली की एका ओळीत तीन-चार शब्दच मावतात. पॅडिंग-इनलाइन-स्टार्ट: २० पीएक्स, लिहिलं की दोन्ही भाषांत बरोबर २०. ब्लॉककोट म्हणजे अवतरणाचा टॅग, त्याला ब्राउझर दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल मार्जिन देतो, तिथे फक्त एक बाजू बदलत असाल तर तीही स्टार्ट-एन्ड बघूनच बदला.

पायरी ५: हमखास अडकायच्या जागा

पहिली आणि सगळ्यात फसवी. एखाद्या घटकाचं इनलाइन-स्टार्ट कुठलं, हे त्या घटकाच्या स्वतःच्या दिशेवरून ठरतं, त्याच्या बाहेरच्या डब्याच्या दिशेवरून नाही. फोन नंबरचं उदाहरण घ्या. उर्दू ओळीत फोन नंबर मधे मधे स्पेस देऊन लिहिला की आकड्यांचे गट उलट क्रमाने लागतात, शेवटचा गट आधी आणि एसटीडी कोड शेवटी, आणि पालक चुकीचा नंबर फिरवतात. म्हणून नंबराभोवती स्पॅन घालून त्याला डिर एलटीआर (लेफ्ट-टू-राइट) द्यावंच लागतं. पण आता तो स्पॅन स्वतः डावीकडून उजवीकडचा झाला, त्यामुळे त्याला दिलेलं मार्जिन-इनलाइन-स्टार्ट उर्दू पानातसुद्धा डावीकडेच लागतं, आणि "फोन" हे लेबल तर त्याच्या उजवीकडे आहे. लेबल आणि नंबर एकमेकांना चिकटतात आणि जागा पलीकडे सुटते. उपाय साधा आहे, मार्जिन नंबराला देऊच नका, लेबलला मार्जिन-इनलाइन-एन्ड द्या, कारण लेबल पानाच्याच दिशेचं आहे. ईमेल, वेबसाईटचा पत्ता, इंग्रजी नाव, जिथे जिथे वेगळं डिर लावाल तिथे हेच लक्षात ठेवा.

दुसरी जागा, क्रम. मार्जिन-लेफ्ट आणि मार्जिन-इनलाइन-स्टार्ट मराठीत एकाच बाजूचे, मग दोन्ही लिहिले तर कोण जिंकणार? सिलेक्टरचं वजन (कुठला जास्त नेमका ते) सारखं असेल तर जो नंतर लिहिलाय तो. म्हणजे वरती छान लॉजिकल मार्जिन लिहिलं आणि खाली कुठेतरी मार्जिन: ०, आलं की सगळं गेलं. आणि उर्दूत मार्जिन-लेफ्टची टक्कर इनलाइन-एन्डशी होते, त्यामुळे एकाच घटकावर जुनं आणि नवं मिसळलं की एका भाषेत बरोबर आणि दुसरीत बिघडलेलं असा प्रकार होतो जो शोधायला फार वेळ खातो. एका घटकावर एकच पद्धत ठेवा.

टक्केवारीत मार्जिन दिलं तर ते बाहेरच्या डब्याच्या ओळीच्या लांबीवरून मोजलं जातं, मार्जिन-ब्लॉक असलं तरीही. म्हणजे मार्जिन-ब्लॉक-स्टार्ट १० टक्के म्हणजे उंचीच्या नाही, रुंदीच्या १० टक्के. हे जुन्या मार्जिन-टॉपलाही असंच होतं, नवीन काही नाही.

आणि साध्या स्पॅनला मार्जिन-ब्लॉक देऊन वर-खाली काही हलत नाही, त्याला डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक करा मग हलेल.

लपवलेला मजकूर हीपण एक जागा आहे. स्क्रीन रीडरसाठीचा मजकूर पडद्याबाहेर ढकलायला जुन्या फाईलींमध्ये लेफ्ट: -९९९९ पीएक्स, असं लिहिलेलं सापडतं. मराठी पानात डावीकडे बाहेर गेलेलं स्क्रोल होत नाही म्हणून कळत नाही, पण उर्दू पान डावीकडेच स्क्रोल होतं, त्यामुळे तिथे खाली लांबलचक आडवा स्क्रोलबार उगवतो आणि मोबाईलवर पान बोटाने सरकत सरकत कुठल्या कुठे जातं. मोठं निगेटिव्ह मार्जिन-लेफ्ट दिलं असेल तर तेच. त्याच्याऐवजी घटक एक पिक्सेलचा करून क्लिप करायची, म्हणजे बाकीचा कापून लपवायची, पद्धत वापरा.

पायरी ६: मार्जिन नकोच असेल तिथे गॅप

रांगेत बटणं आहेत, मेन्यूत लिंका आहेत, अशा ठिकाणी प्रत्येकाला मार्जिन देऊन शेवटच्याचं मार्जिन काढून टाकण्यापेक्षा बाहेरच्या डब्याला डिस्प्ले फ्लेक्स करा आणि गॅप द्या. फ्लेक्स आणि ग्रिड पानाची दिशा आपसूक पाळतात, डिर आरटीएल झालं की पहिलं बटण उजवीकडून सुरू होतं, आणि गॅप तर फक्त मधेच पडते, तिला बाजूच नाही. माझं मत विचाराल तर नवीन पानात अर्ध्याअधिक ठिकाणी मार्जिनची गरज गॅपने संपते. फक्त एक करू नका, उर्दूसाठी म्हणून फ्लेक्सला रो-रिव्हर्स लावू नका, दिशा आधीच उलटलेली असते, तुम्ही परत उलटवली की मराठीसारखंच दिसायला लागतं.

पायरी ७: जे आपोआप वळत नाही

सावली, बॅकग्राउंडची जागा, ट्रान्सफॉर्मने आडवं सरकवणं, ग्रेडियंटची दिशा, यांचं स्टार्ट-एन्डने भागत नाही. तिथे डिर आरटीएलसाठी वेगळा नियम लिहावाच लागतो, ॲट्रिब्यूट सिलेक्टरने (टॅगवर डिर लिहिलंय का ते बघणारा) लिहा किंवा डिर नावाच्या स्यूडो-क्लासने (घटकाची दिशा बघणारा). स्यूडो-क्लास जास्त चांगला कारण तो डिर ऑटोवरून निघालेली दिशाही ओळखतो, पण क्रोममध्ये तो २०२३ च्या शेवटी शेवटी आला, म्हणून जुने फोन वापरणारे वाचक असतील तर ॲट्रिब्यूट सिलेक्टरच बरा.

आणि सगळं वळवायचंही नसतं. "पुढे" आणि "मागे" यांचे बाण उलटायचे, घड्याळ उलटायचं नाही, व्हिडिओ प्लेयरची बटणं आणि पट्टी तशीच ठेवायची, शाळेचा लोगो तसाच, नकाशा तसाच. जी गोष्ट वाचनाच्या दिशेशी बांधलेली आहे तीच वळवा. जे वळवायचं नाही तिथे लेफ्ट लिहिलेलं असेल तर लेफ्टच राहू द्या, ते चूक नाही.

पायरी ८: उभा मजकूर, वेळापत्रकासाठी

जपानी पान आपल्यापैकी फार थोडे बनवणार, पण उभा मजकूर मराठीतही लागतो, शाळेच्याच वेळापत्रकात बघा. तासिकांचे कॉलम अरुंद आणि "सामाजिक शास्त्र" हे शीर्षक लांब, मग शीर्षक उभं करावं लागतं. त्यासाठी शीर्षकाच्या आत एक स्पॅन घालून त्याला डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक आणि रायटिंग-मोड व्हर्टिकल-आरएल द्या. देवनागरी अक्षरं एकाखाली एक सुटी होत नाहीत, अख्खी ओळ शिरोरेषेसकट उजवीकडे कलंडते आणि वरून खाली वाचायची होते. आता या स्पॅनचं मार्जिन-इनलाइन-स्टार्ट म्हणजे वरची बाजू आणि मार्जिन-ब्लॉक-स्टार्ट म्हणजे उजवी. शीर्षक आणि त्याच्या खालच्या रेघेत जागा हवी असेल तर मार्जिन-इनलाइन-एन्ड. एकदा करून बघा, इनलाइन आणि ब्लॉक म्हणजे काय ते यानंतर डोक्यात पक्कं बसतं.

पायरी ९: नस्तालिकची उंची

उर्दू वाचणाऱ्यांना नस्तालिक शैली हवी असते, शब्द तिरके उतरत येतात त्यामुळे ओळ उंच लागते. नोटो नस्तालिक उर्दू हा मोफत फॉन्ट चांगला आहे, पण त्याला लाइन-हाइट साधारण दोनच्या वर ठेवा, मराठीच्या दीडमध्ये ओळी एकमेकींना भिडतात. आणि ओळीच इतक्या उंच झाल्या की परिच्छेदांमधलं मराठीला पुरणारं मार्जिन उर्दूत दिसेनासं होतं, नवीन परिच्छेद कुठे सुरू झाला तेच कळत नाही. लँग सिलेक्टर लावून उर्दूला वेगळं मार्जिन-ब्लॉक देता येईल, पण त्याहून सोपं म्हणजे एलएच हे एकक वापरा. एक एलएच म्हणजे त्या घटकाच्या एका ओळीची उंची.

मार्जिन-ब्लॉक: ०.५ एलएच;

मराठीत मराठीच्या अर्ध्या ओळीएवढं, उर्दूत नस्तालिकच्या अर्ध्या ओळीएवढं. जुन्या ब्राउझरला हे एकक कळत नाही, म्हणून याच्या आधीच्या ओळीत तीच प्रॉपर्टी एममध्ये (फॉन्टच्या आकारावर चालणारं जुनं एकक) लिहून ठेवा, ज्याला एलएच कळणार नाही तो एमवाली ओळ घेईल.

फ्रेमवर्क आणि ब्राउझर

बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस फ्रेमवर्कच्या ५ व्या आवृत्तीत मार्जिनच्या क्लासची नावं बदलली ती यासाठीच, पूर्वीच्या एमएल आणि एमआरच्या जागी एमएस आणि एमई आले, स्टार्ट आणि एन्डचे. पण त्यात आतून अजून लेफ्ट-राइटच आहे, उर्दू पानाला त्यांची आरटीएलची वेगळी सीएसएस फाईल जोडावी लागते, ती जोडली नाही तर क्लास लावून काही होत नाही. टेलविंड या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये आवृत्ती ३.३ पासून, म्हणजे २०२३ पासून, एमएस आणि एमई आहेत आणि ते खरोखरचे लॉजिकल आहेत, वेगळी फाईल नको.

ब्राउझरचं म्हणाल तर मार्जिन-इनलाइन-स्टार्टसारख्या एकेरी प्रॉपर्टी फायरफॉक्समध्ये २०१५ ला, क्रोममध्ये २०१८ ला आणि सफारीत २०१९ ला आल्या. मार्जिन-इनलाइन, मार्जिन-ब्लॉक हे शॉर्टकट थोडे उशिरा, फायरफॉक्स २०१९, क्रोम २०२०, सफारी २०२१. खूप जुने फोन सांभाळायचे असतील तर शॉर्टकट न वापरता स्टार्ट आणि एन्ड वेगवेगळे लिहा.

पायरी १०: तपासणी

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगवर डिर आरटीएल टाइप करा. मराठी पान असलं तरी चालेल, मांडणी जागच्या जागी उलटते आणि कुठलं मार्जिन वळलं नाही ते लगेच डोळ्यात भरतं. मराठी वाक्याचा पूर्णविराम उडी मारून डाव्या टोकाला गेलेला दिसेल, त्याला घाबरू नका, मराठी मजकूर उजवीकडून चालवला की ते तसंच होतं, डिर काढलं की परत जागेवर येतो. एखादा घटक वळला नाही तर तो निवडून कॉम्प्युटेडमध्ये (फायरफॉक्समध्ये लेआउटमध्ये) बॉक्सचं चित्र बघा, तिथे प्रत्यक्ष डावीकडे किती आणि उजवीकडे किती लागलंय ते आकड्यात दिसतं, आणि कॉम्प्युटेडच्या यादीत कुठल्या ओळीवरून लागलंय तेही.

मग खरा उर्दू मजकूर घालून, ३६० पिक्सेलच्या आसपास मोबाईलची रुंदी ठेवून परत बघा. इंग्रजी किंवा खोटा मजकूर घालून तपासू नका, नस्तालिकची उंची आणि फोन नंबराची गडबड त्यात दिसतच नाही. लाईव्ह करायच्या आधी शाळेतल्या उर्दूच्या एखाद्या बाईंना किंवा सरांना लिंक पाठवा आणि त्यांच्याच फोनवर सूचना शेवटपर्यंत वाचायला सांगा, यादी आणि फोन नंबर मोठ्याने वाचून घ्या.